खुनी माहेरचा की सासरचा

मी आयुष्यात एकच खून केला आणि तोही दुसऱ्याच्या माथी मारला. ज्याच्या माथी मारला तो माणूस दोनशे वर्षांपूर्वी वारलेला होता, त्यामुळे तो तक्रार करायला येणार नाही असं मी धरून चाललो होतो. पुण्यात असं धरून चालू नये हे मला माहीत नव्हतं. मी यवतमाळकडचा.

तेव्हा मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. खराडीत एका बाजूला काचेच्या इमारती उठत होत्या आणि दुसऱ्या बाजूला अजून ज्वारी उभी होती. माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे, आणि लिहिणाऱ्याला शक्य तितक्या नम्रपणे कळवायचं की बाबा रे, तुझं चुकलंय. राहायला बिबवेवाडीत, आम्हा तिघा मित्रांचा एक फ्लॅट. सकाळी स्वारगेटला कंपनीची बस यायची. एकदा टेस्ट लावून दिली की दोन-दोन तास मशीन आपलं आपण चालायचं, आणि आपण समोर बसून चेहऱ्यावर काळजी ठेवायची, एवढंच काम उरायचं. त्या वेळात मी कादंबरी लिहिली.

तो नाद मला बिबवेवाडीतल्या वाचनालयाने लावला. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं वाचनालय होतं. तिथे एक आख्खं कपाट ऐतिहासिक रहस्यकथांचं. ज्यांचे पुतळे चौकात उभे आहेत अशी माणसं त्या पुस्तकांत दिवट्या घेऊन भुयारात शिरायची, गुप्त पत्रं वाचायची, चोरांच्या मागे घोडे घालायची. माणूस खरा आणि खून खोटा, ही गंमत मला फार आवडायची. कपाट संपलं तेव्हा मला वाटलं, आता आपणच एक लिहावी.

नायक म्हणून मी पेशवाईतला एक अतिशय हुशार कारभारी घेतला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुण्यात त्याच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणारी माणसं अजून शिल्लक आहेत. कथा अशी होती: इंग्रज साहेबाच्या वकिलाने दरबाराला भेट दिलेलं एक मोठं घड्याळ अचानक बंद पडतं. ते दुरुस्त करायला आलेला घड्याळजी वाड्यातल्या हौदात मरून पडलेला सापडतो. कारभारी तपास करतो आणि खुनी पकडतो.

आता खुनी कोण हा प्रश्न आला. मला खुनीही खराच हवा होता. एका शनिवारी मी पेठेतल्या जुन्या ग्रंथालयात गेलो आणि पेशव्यांच्या दफ्तरातल्या कागदांचे छापील खंड चाळत बसलो. तिसऱ्या खंडात मला तो भेटला. कोठीकडचा एक कारकून परवानगी न घेता तीन दिवस गैरहजर राहिला म्हणून त्याला ताकीद दिली, एवढीच एक ओळ. पण आडनावासकट. मी मनाशी म्हटलं, तीन दिवस होता कुठे हा? माझ्या डोक्यात कादंबरी तिथल्या तिथे पुरी झाली. त्या तीन दिवसांत त्याने घड्याळजीला मारला, घड्याळात बसवलेलं रत्न काढून घेतलं आणि कात्रजच्या तलावातून वाड्यात पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या नळातून वाकत वाकत कात्रज गाठलं. नळ इतका मोठा की माणूस आत वाकून चालू शकतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. बिबवेवाडीत राहत असल्यामुळे मला तो नळ जणू घरचाच वाटायचा.

कादंबरी एका दिवाळी अंकाने छापली. मी दोन अंक गावी पाठवले. आईने फोनवर विचारलं, "यात तुयं नाव काहून इतकं बारीक छापलं?" बाकी कोणी काही बोललं नाही.

डिसेंबरात एकाच दिवशी मला दोन पोस्टकार्डं आली. दोन्हींवर पत्ता एकच, पेठेतला, अक्षर मात्र वेगळं. पहिल्यावर लिहिलं होतं:

"आपल्या कादंबरीत माझ्या माहेरच्या पूर्वजांस खुनी ठरविले आहे. ही गोष्ट आमच्या घरी कोणास ठाऊक नव्हती. कळविल्याबद्दल आभार. पुरावे घेऊन येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता यावे. साडेनऊ नव्हे."

दुसऱ्यावर:

"कादंबरी फार आवडली. नातेवाइकांना द्यायला तीन अंक जादा घेतले. रविवारी आपण येणार असे कळते. आमच्याकडे पोहे बरे होतात."

मी रविवारी पावणेनऊलाच जाऊन खाली थांबलो. जुनं घर पाडून बांधलेली चार मजली इमारत होती. दुसऱ्या मजल्यावर गेलो तर दार एका उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मी पुढे सगळ्या काळात त्यांना बाईच म्हणत आलो, त्यांनीही दुसरं काही सुचवलं नाही. मागे सोफ्यावर त्यांचे यजमान बसले होते, गोल चेहऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते काका. काका मला बघून इतके खूश झाले की त्यांना ते लपवता येईना.

"या या. बसा. मी म्हटलं होतं ना, तरुण असेल म्हणून."

"पोहे झाल्यावर बोला," बाई म्हणाल्या. "आधी काम."

भिंतीवर एक मोठी फ्रेम होती, तिच्यात बाईंच्या माहेरची वंशावळ. मूळपुरुषापासून खाली फांद्या फुटत फुटत शेवटी उजवीकडे एका कोपऱ्यात बाई होत्या. माझा खुनी वरून तिसऱ्या ओळीत होता. बाईंनी पट्टी घेऊन तो मला दाखवला. मग टेबलावर त्यांच्या माहेरच्यांचा कुलवृत्तांत ठेवला. त्याच्यावर डोकं ठेवून झोपता आलं असतं इतका जाड.

"हे पान वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. कोठीकडचे हे गृहस्थ अत्यंत सालस, देवभोळे आणि मितभाषी होते, असं तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे मनात ठेवणारे," काका सोफ्यावरून म्हणाले.

"आणि ते तीन दिवस," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "ते सासुरवाडीला गेले होते. मेहुणीचं लग्न होतं. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाही सांगितली असती."

मी कबूल केलं की मला कोणाला विचारायचं ते माहीत नव्हतं. बाईंनी ते मान्य केलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि माझा दिवाळी अंक उघडला. त्याच्या प्रत्येक पानाला समासात पेन्सिलीने बारीक खुणा होत्या.

"घराण्याचं राहू द्या बाजूला. ते भावनेचं झालं. तुमचा खुनी वाड्यातून निघून दोन घटकांत कात्रजला पोचतो. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. बरोबर?"

"हो."

"म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. अंतर तीन कोस धरू. वाकून चालायचं, अंधारात, गुडघाभर पाण्यात. आणि पाणी कुठून कुठे येतं?"

"कात्रजहून वाड्यात."

"आणि हा जातो कुठे?"

मी अंकातलं ते पान उलटून बघितलं.

"उलटा. चढावर. पाण्याच्या विरुद्ध. आणि पोचतो तेव्हा धोतर कोरडं आहे, असं तुम्ही पान ब्याण्णववर लिहिलंय. तुम्ही राहता कुठे?"

"बिबवेवाडीत."

"स्वारगेटवरून घरी जाताना सायकलवर कधी गेलायत?"

"गेलोय."

"दम लागतो की नाही?"

"लागतो."

"नळात लागत नसेल," बाई म्हणाल्या.

एकूण एकेचाळीस चुका निघाल्या. मी रोज ऑफिसात जे दुसऱ्यांना करत होतो तेच सकाळी नऊ ते अकरा माझं झालं. खरं सांगायचं तर मला राग यायला हवा होता. पण एवढ्या स्वच्छ पद्धतीने चुका काढलेल्या मी आमच्या कंपनीतही पाहिल्या नव्हत्या. मी बॅगेतून वही काढली आणि त्या चुकांना नंबर देऊन उतरवून घेऊ लागलो. बाईंनी दोन क्षण माझ्याकडे बघितलं आणि मग हळू सांगायला सुरुवात केली, मुलांना गणित घालताना सांगतात तशी.

पोहे खरंच चांगले होते. खाताना काकांनी मला विचारलं, "पण पुस्तक निघणार ना? असंच निघणार ना?"

पुस्तक निघणार होतं. एका प्रकाशकांनी अंकातली कादंबरी वाचून ती पुस्तक म्हणून काढायची तयारी दाखवली होती. मी हे सांगितल्यावर काकांनी बशीत आणखी पोहे वाढले, आणि बाई म्हणाल्या, "मग अजून वेळ आहे. पुढच्या रविवारी नऊला."

असे माझे रविवार सुरू झाले. हळूहळू मला त्या घराची घडी कळली. काकांना चाळीस वर्षं बायकोच्या माहेरची थोरवी ऐकावी लागली होती. कोठीवरचे कारकून, त्यांचा भाऊ फडात म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, पुतण्या मोहिमेवर. काकांच्या बाजूला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांच्याही घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं होतं. माहिती गोळा करणारे गृहस्थ दोनदा घरी येऊन गेले, दोन्ही वेळा चहा घेतला, आणि दोन्ही वेळा वहीत लिहून घेण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. "आजोबांच्या मागचं कुणाला माहीतच नाही," काका मला एकदा म्हणाले. "आम्ही बहुतेक एकदम आजोबांपासूनच सुरू झालो." हे ते हसत म्हणाले, पण म्हणून झाल्यावर थोडा वेळ त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

अशा माणसाला एक दिवस दिवाळी अंकात बायकोचा पूर्वज खुनी निघालेला वाचायला मिळाला. त्यांना काय झालं असेल याची मी कल्पना करू शकत होतो. बाहेरच्या खोलीतून ते मधूनच हाक मारायचे, "अगं, तुझ्या खुनी माहेरहून फोन आहे." बाई उठून फोन घ्यायच्या. चेहऱ्यावर काही नाही.

बाईंचं म्हणणं मात्र सरळ होतं. आमच्या माणसाने खून केला असेल तर केला म्हणा, पण मग तो करता येईल असा तरी करा. आणि माझ्याच कादंबरीतल्या माहितीवरून तो त्याला करता येत नव्हता. मग कोणाला करता येत होता? बाईंनी पाठकोऱ्या कागदांवर कोष्टक आखलं: कोण कधी कुठे होतं. कारभारी सोडून सगळे त्यात होते. दोन रविवारी त्यांनी त्या कोष्टकातून एकेक नाव कटाक्षाने काढून टाकलं.

तिसऱ्या रविवारी चहा घेताना त्यांनी काकांना सहज विचारलं, "अहो, तुमच्या खात्यात नळ साफ करायचा असेल तर पाणी कुठे अडवायचे?"

काका खुलले. घरात त्यांना पाण्याबद्दल कोणी काही विचारत नसे. त्यांनी साखरेचा डबा म्हणजे तलाव, बशी म्हणजे हौद असं मांडून सगळं समजावलं. वरच्या अंगाला झडप टाकली की खालचा नळ दोन-तीन तासांत कोरडा पडतो, माणूस आरामात आत जाऊन येऊ शकतो. "पण झडप टाकायला सांगायचं कोण? तर ज्याचं पाण्यावाचून अडतं, त्यालाच आधी विचारावं लागतं. वाड्यात म्हणाल तर मुदपाकखाना. आचाऱ्याने हो म्हटल्याशिवाय पाणी बंद होणं शक्य नाही."

"म्हणजे पाणी कधी बंद असणार हे आचाऱ्याला आधीपासून माहीत," बाई म्हणाल्या.

"अर्थात. तोच दिवस ठरवणार."

"छान," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काकांना दुसरा कप दिला.

मी वहीत लिहून घेतलं. खुनी आचारी. दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की हे माझ्या रत्नापेक्षा कितीतरी बरं आहे. मुदपाकखान्यातलं केशर चोरून आचारी त्याच्या पुड्या त्या मोठ्या घड्याळाच्या पेटीत लपवत होता, कारण ते उघडायची कोणाची हिंमत नव्हती. पुड्या लंबकाला अडल्या म्हणून घड्याळ बंद पडलं. घड्याळजीने पेटी उघडली आणि त्याला केशर दिसलं. बाई म्हणाल्या, "आता बरोबर आलं." मला वाटतं त्यांच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी.

पण मला खुनी खरा हवा होता, हे त्यांना माहीत होतं. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. सुंदर शाळामास्तरी अक्षरात खंडाचा क्रमांक, पान दोनशे चौदा, आणि मुदपाकखान्याकडच्या एका आचाऱ्याचं नाव. आडनाव वाचून मी वर बघितलं. ते आडनाव मी त्या घरात येताना दर रविवारी दारावरच्या पाटीवर वाचत होतो.

"बाई, हे तर..."

"हो."

"काकांना चालेल?"

"चाळीस वर्षांत मी त्यांच्या पुष्कळ गोष्टी चालवून घेतल्यात," बाई म्हणाल्या. "आणि ते स्वतःच म्हणत होते, खुनी खरा असला की वाचायला मजा येते."

मी चिठ्ठी खिशात घातली. टेस्टिंगच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात की कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय सही करायची नाही. मी तपासलं नाही. ज्या बाईंनी माझ्या एकेचाळीस चुका काढल्या त्यांची एखादी गोष्ट ग्रंथालयात जाऊन पडताळायची म्हणजे मला उद्धटपणा वाटला. शिवाय त्या महिन्यात शनिवारीही ऑफिस होतं.

पुस्तक निघालं. शेवटी एका पानाची टीप होती, तिच्यात मी लिहिलं होतं की कोठीचा कारकून आणि मुदपाकखान्याचा आचारी या दोघांचीही दफ्तरात नोंद आहे, बाकीचा मजकूर कल्पित. मी पहिली प्रत घेऊन पेठेत गेलो, काकांच्या हातात दिली आणि थांबायचा धीर नसल्यामुळे ऑफिसचं काम आहे असं सांगून परत आलो.

आठवडाभर काही निरोप आला नाही. मी मनाशी दोन-तीन प्रकारची माफी तयार केली. रविवारी नऊला गेलो तर दार काकांनी उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पुस्तक टेबलावर होतं, त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

"बसा," ते म्हणाले. मी बसलो. बाई स्वयंपाकघरात होत्या आणि तिथे अजिबात आवाज होत नव्हता.

"दोनदा वाचलं," काका म्हणाले. "खून नीट केलाय. घाई नाही, आरडाओरडा नाही. पाणी बंद करवलं, काम उरकलं, परत येऊन वरणाला फोडणी दिली. आमच्या घराण्यात कामं अशीच होतात."

तयार करून आणलेली माफी मी तशीच मनात ठेवली.

"आणि पेशव्यांच्या मुदपाकखान्यात," ते म्हणाले. "म्हणजे ऐऱ्यागैऱ्याला कोण घेणार तिथे. विश्वासाची जागा ती. हिच्या माहेरच्याला साधी रजा धड मागता आली नाही."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता, फक्त पोह्यांत मीठ टाकायला विसरल्या होत्या. तसं त्यांच्याकडून त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर काकांचं वागणंच बदललं. ते नातेवाइकांत पुस्तक वाटत सुटले. लग्नकार्यात स्वयंपाक्याजवळ जाऊन दोन शब्द बोलू लागले. कुलवृत्तांतवाल्या गृहस्थांना त्यांनी स्वतःहून बोलावलं आणि त्यांना या वेळी वही भरून घ्यावी लागली, असं मी ऐकलं. बाईंच्या माहेरचा विषय निघाला की काका शांतपणे म्हणायचे, "हो, कोठीवर होते ते. आमच्या खालोखाल." बाई ऐकून घ्यायच्या. मला वाटायचं, सूड उगवायला गेल्या आणि अंगाशी आलं. मी मनातल्या मनात हसायचो.

वर्षभराने प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. त्याच सुमारास कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं. त्यांनी आचाऱ्याच्या नोंदीचा खंड आणि पान विचारलं होतं. मी चिठ्ठीवरून कळवलं. पंधरा दिवसांत उलट पत्र: पान दोनशे चौदावर असं काहीही नाही, कृपया खुलासा करावा.

मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ग्रंथालयात गेलो. पान दोनशे चौदावर उंटांच्या वैरणीची यादी होती. मागची वीस पानं बघितली, पुढची वीस बघितली. मग मुकाट्याने आख्खा खंड बघितला. मुदपाकखाना होता, आचारी होते, पण ते आडनाव कुठेही नव्हतं.

तिथून मी चालत बाईंच्या घरी गेलो. काका बँकेत गेले होते. मी बाईंसमोर चिठ्ठी ठेवली.

"उंटांची वैरण आहे," मी म्हणालो.

"उशीर केलात," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं तुम्ही छापायच्या आधी बघाल. तुमचं तर कामच ते."

"पण का?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "कधी कधी गणित सुटतच नाही. मग एक आकडा धरून चालावं लागतं." मग माझ्याकडे न बघता, "मुलं वर्गात मागच्या बाकावर बसतात ना, त्यांना मी कधीतरी सोपं गणित घालून पुढे बोलवायची. फळ्यावर. तेवढंच."

"मग आता दुसऱ्या आवृत्तीत काय करायचं?"

"खोटं आहे ते. काढून टाका. फक्त यांना सांगू नका. यांच्याकडे पहिली आवृत्ती आहे, ती पुरेल यांना."

इतक्यात काका आले. मला बघून त्यांनी चहाचा आग्रह केला, मी घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. निघताना काका म्हणाले, चला, तुम्हाला बसथांब्यापर्यंत सोडतो. ते कधी सोडायला येत नसत.

थांब्यावर आल्यावर म्हणाले, "कुणीतरी पत्र पाठवलं वाटतं."

मी दचकलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या खिशातून ग्रंथालयाचं खंड मागवायचं पत्रक डोकावतंय. कोणतं पान बघायला गेला होतात? दोनशे चौदा?"

मी होकार दिला.

"उंटांची वैरण," काका म्हणाले. "पुस्तक हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हिच्या पाठकोऱ्या कागदांत खंड आणि पान लिहिलेलं सापडलं, ते मी जाऊन बघून आलो. नाव कुठेतरी दिसेल म्हणून सबंध दुपार बसलो. नाही दिसलं."

"मग तुम्ही त्या रविवारी..."

"मग काय करणार होतो?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "या बाईने आयुष्यात उत्तरपत्रिकेत कुणाला अर्धा मार्क जास्त दिला नाही. स्वतःच्या भाच्याला गणितात नापास केलंय हिने. तिने माझ्यासाठी खंड आणि पान घालून खोटं लिहून दिलं. ते मी तपासून आलो म्हणून सांगू तिला?"

बस दिसू लागली तशी त्यांनी माझा दंड धरला. "दुसऱ्या आवृत्तीतून काढू नका. आणि तिला बोलू नका."

एवढं सांगून ते वळले आणि वाटेत भाजीवाल्याकडे थांबून मेथी बघू लागले.

मी खराडीच्या ऑफिसात दोन दिवस ती टीप समोर घेऊन बसलो. टेस्ट चालू होती, मशीन आपलं आपण काम करत होतं, माझ्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. एकाला ओळ हवी, एकाला नको, दोघांना एकमेकांपासून लपवायचं, आणि वर कोल्हापूरचे वाचक खुलाशाची वाट बघतायत. शेवटी मी टीप बदलली. दुसऱ्या आवृत्तीत ती अशी आहे: कोठीच्या कारकुनाची नोंद दफ्तरात आहे, मुदपाकखान्याच्या आचाऱ्याची नोंद घरी आहे.

बाईंनी ती वाचली आणि मला म्हणाल्या, "वाक्य खोटं नाही. ठीक." काकांनी वाचून माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते दिवसभर कुठल्यातरी जुन्या गाण्याची चाल गुणगुणत होते, असं बाईंनीच मला नंतर सांगितलं. कोल्हापूरच्या वाचकांना मी नव्या आवृत्तीची एक प्रत पाठवून दिली. त्यांचं लगेच पत्र आलं. खुलाशाबद्दल आभार, पण कोणाच्या घरी? पत्ता कळवल्यास ते येऊन नोंद पाहू इच्छितात. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.